जुनी गाडी गरम होते तेव्हा: कारण शोधण्याची सोपी रीत



उन्हाळा आला की आपल्या भागात प्रवास वाढतो. लग्नसराई असते, गावोगावच्या जत्रा असतात, गोव्यातल्या देवदर्शनाचे बेत ठरतात, कोकणातल्या पाहुण्यांकडे जाणे होते. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत अजून जुन्या गाड्या आहेत. मारुती ८००, ओम्नी, झेन, सुमो, महिंद्राची जीप. एखाद्या घरी ताडपत्रीखाली जपून ठेवलेली प्रीमियर पद्मिनीसुद्धा सापडेल. या गाड्यांची एकच तक्रार उन्हाळ्यात सगळीकडे ऐकू येते: "गाडी गरम होते."

मी बी.कॉम. होऊन बँकेत नोकरी केलेला माणूस आहे, इंजिनिअर नव्हे. पण हिशेब जुळत नसेल तर तो कुठे चुकला हे शोधण्यात आयुष्य गेले आणि गाडीच्या उष्णतेचे दुखणे शोधण्याची रीतही तीच आहे असे अनुभवाने पटले. गॅरेजमध्ये जाण्याआधी घरच्या घरी काय पाहता येते, मेकॅनिकला नेमके काय सांगावे आणि घाटात गाडी उकळली तर काय करावे, एवढेच या लेखात मांडतो. विषय किरकोळ वाटेल, पण चोर्ला घाटात संध्याकाळी, गाडीत वयस्कर आई-वडील आणि लहान मुले असताना बॉनेटमधून वाफ येऊ लागते तेव्हा तो किरकोळ राहत नाही.

उष्णतेचा जमा-खर्च

इंजिनात पेट्रोल जळते. त्यातून निघणाऱ्या शक्तीचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाके फिरवायला लागतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जातो आणि उरलेला एक तृतीयांश इंजिनाच्या पाण्याला मिळतो. एक लिटर पेट्रोल जळले की पाण्याकडे जी उष्णता येते, ती जवळजवळ ३० लिटर थंड पाणी उकळायला पुरेशी असते. मारुती ८०० च्या सगळ्या यंत्रणेत पाणी असते चार लिटरच्या आतबाहेर. म्हणजे आलेली उष्णता क्षणोक्षणी बाहेर टाकली गेली नाही, तर पाणी उकळायला काही मिनिटेच लागतील.

जमा झाली तेवढी उष्णता खर्च झाली पाहिजे. ताळेबंद जुळला की काटा मध्यावर स्थिर राहतो. काटा वर चढू लागला याचा अर्थ दोनच प्रकारे लावता येतो: एक तर उष्णता नेहमीपेक्षा जास्त तयार होत आहे, किंवा ती बाहेर टाकणारी साखळी कुठेतरी तुटली आहे.

ही साखळी अशी आहे. बेल्टवर फिरणारा वॉटर पंप पाणी ढकलतो. ते इंजिनाच्या ब्लॉकमधून आणि हेडमधून फिरून तापते. मग थर्मोस्टॅट वॉल उघडला की वरच्या होज पाइपातून रेडिएटरमध्ये येते, तिथल्या बारीक नळ्यांतून खाली उतरताना हवेने थंड होते आणि खालच्या पाइपातून परत पंपाकडे जाते. रेडिएटरला हवा मिळते ती गाडीच्या वेगामुळे आणि वेग नसेल तेव्हा फॅनमुळे. या सगळ्यावर पहारा असतो तो रेडिएटरच्या झाकणाचा.

झाकणाचे महत्त्व

झाकण म्हणजे नुसते बूच नव्हे. त्यात स्प्रिंग असते आणि आतले पाणी ती दाबाखाली ठेवते. शाळेत शिकलो की पाणी १०० अंशाला उकळते, ते समुद्रकाठी. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे उघड्या भांड्यातले पाणी साधारण साडेसत्त्याण्णव अंशाला उकळते. झाकणावर बहुधा ०.९ असा आकडा कोरलेला असतो. तेवढा दाब टिकला तर तेच पाणी ११७ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. कुकरचेच तत्त्व आहे हे.

आता या झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग ढिली पडली तर जवळजवळ २० अंशांची सवलत एका झटक्यात जाते. बाकी सगळे ठीक असूनही गाडी घाटात उकळते. या झाकणाला किंमत फारशी नसते आणि म्हणूनच त्याच्याकडे कोणी पाहत नाही. रबर चिरलेले, दबलेले दिसले, तर पहिला खर्च तिथे करावा. नवीन घेताना आकडा तोच पाहून घ्यावा. जास्त दाबाचे झाकण बसवले तर जुने पाइप आणि रेडिएटरचे सांधे फुटण्याची भीती असते.

आधी हे पाहा: गाडी गरम कधी होते?

मेकॅनिककडे जाऊन "गाडी गरम होते" एवढेच सांगणे म्हणजे डॉक्टरला "बरे वाटत नाही" एवढेच सांगणे. कधी गरम होते हे सांगितले तर अर्धे निदान तिथेच होते.

*उभी असताना गरम, पळताना थंड.* मंगळवारी, शुक्रवारी मळेकरणी देवीच्या दर्शनाची गर्दी असते तेव्हा उचगाव फाट्यापासून गाड्यांची रांग लागते. अशा रांगेत काटा चढतो आणि वेंगुर्ला रोडवर मोकळे धावताना खाली येतो, तर दोष फॅनमध्ये आहे असे समजावे. पळत्या गाडीला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला फक्त फॅनचा आधार असतो.

*उभी असताना ठीक, चढावर किंवा वेगात गरम.* इथे फॅनवर संशय घेण्यात अर्थ नाही. रेडिएटर आतून चोंदलेला असतो, बाहेरून जाळ्या मातीने भरलेल्या असतात, किंवा पंप पुरेसे पाणी फिरवत नसतो. कमी उष्णता असते तोवर अर्धा रेडिएटरही काम निभावतो. चढावर त्याची कुवत संपते.

*सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच गरम.* पाणीच नाही, किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे, किंवा हेड गॅसकेट फाटून जळका गॅस पाण्यात शिरतो आहे.

*एकदम गरम आणि त्याच वेळी बॅटरीचा लाल दिवा.* बेल्ट तुटला. मारुती ८०० सारख्या गाडीत वॉटर पंप आणि अल्टरनेटर एकाच बेल्टवर फिरतात. दोन्ही खुणा एकत्र दिसल्या की गाडी ताबडतोब बंद करायची, पुढच्या गावापर्यंत नेण्याचा विचारसुद्धा करायचा नाही.

*गोव्याला जाताना काही नाही, येताना मात्र उकळली.* हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. उत्तर भूगोलात आहे. जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला उतरताना इंजिनाला काम थोडे असते. येताना साखळीपासून गाडी जवळजवळ समुद्रसपाटीवरून सुमारे ८०० मीटर उंची चढते. सामान वाढलेले असते, दुपारी समुद्राकडचा वारा पाठीमागून येत असतो, वेग २५-३० चा असतो, त्यामुळे रेडिएटरला हवा मिळते बेताची, आणि एसी चालू असतो. जी कमतरता सपाटीवर दिसली नव्हती, ती इथे उघडी पडते. आंबोली, तिलारी आणि अनमोड घाटांचेही तसेच. निपाणीकडच्यांना हाच अनुभव तवंदी घाटात येतो.

सकाळी गार गाडीची तपासणी

ही सगळी तपासणी बिनखर्चाची आहे. गाडी रात्रभर उभी राहिलेली, पूर्ण गार असावी.

पहिले, रेडिएटरचे झाकण उघडून पाणी काठोकाठ आहे का ते पाहा. शेजारच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी दिसते म्हणून रेडिएटर भरलेला असतोच असे नाही. झाकण खराब असेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असेही होते.

दुसरे, पाण्याचा रंग. हिरवा किंवा लाल कूलंटचा रंग स्वच्छ दिसला तर ठीक. चहासारखा तांबूस गढूळ असेल तर आत गंज आहे. वर तेलकट साय दिसली तर प्रकरण गंभीर आहे.

तिसरे, इंजिन ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइल दुधाळ, कॉफीसारखे झाले असेल तर पाणी ऑइलमध्ये मिसळते आहे. अशी गाडी सुरूच करू नका, ओढून गॅरेजला न्या.

चौथे, गाडीखाली आणि पाइपांच्या सांध्यांवर पाहा. जिथून पाणी झिरपते तिथे वाळल्यावर पांढरा, हिरवट किंवा तांबूस डाग राहतो. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. तिथून ओघळ दिसला तर पंपाचे सील गेले. भोक बुजवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

पाचवे, होज पाइप बोटांनी दाबून पाहा. फार मऊ, फुगलेला किंवा तडकलेला पाइप बदलायचाच. खालचा पाइप विशेष महत्त्वाचा. तो मऊ पडला असेल तर जास्त वेगात पंपाच्या ओढीने आत चिकटतो आणि पाणी अडते. उभ्या गाडीत मात्र सगळे ठीक दिसते.

सहावे, बेल्ट. अंगठ्याने मधोमध दाबल्यावर साधारण एक सेंटीमीटर दबावा. आतल्या बाजूला भेगा किंवा चकाकी दिसली तर नवा घ्यावा.

सातवे, रेडिएटरची समोरची बाजू. आपल्याकडची तांबडी माती, किडे आणि गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना उडणारा पाला या जाळ्यांत गच्च बसतो. एसीच्या गाडीत एसीची जाळी पुढे आणि रेडिएटर मागे असतो. कचरा दोघांच्या मध्ये अडकतो आणि समोरून काही दिसत नाही. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, साध्या दाबाच्या पाण्याने धुवावे. वॉशिंग सेंटरच्या जोराच्या फवाऱ्याने नाजूक पत्र्या वाकतात आणि हवा कायमची अडते.

इंजिन चालू करून तपासणी

झाकण लावून गाडी सुरू करा, उभीच ठेवा. सैल ओढणी, पदर, शर्टाची बाही फॅनपासून दूर ठेवा. काही गाड्यांत विजेचा फॅन चावी बंद असतानाही अचानक फिरू लागतो, म्हणून बोटे तिकडे नेऊ नका.

वरच्या होज पाइपाला जपून हात लावत राहा. आधी तो कोमट असतो. काटा मध्याजवळ आला की थर्मोस्टॅट उघडतो आणि पाइप एकदम तापतो. काटा वर गेला तरी वरचा पाइप कोमटच असेल, तर थर्मोस्टॅट अडकला आहे किंवा पाणी फिरत नाही.

काटा आणखी थोडा चढला की विजेचा फॅन सुरू व्हायला हवा आणि काही वेळाने बंद व्हायला हवा. सुरूच झाला नाही तर आधी फ्यूज, मग रिले, मग थर्मोस्विच, शेवटी मोटर असा क्रम ठेवा. थर्मोस्विचच्या वायरी थेट जोडून मेकॅनिक एका मिनिटात सांगू शकतो की मोटर चांगली आहे आणि स्विच गेला आहे. स्विच बदलणे आणि मोटर बदलणे यांच्या खर्चात मोठा फरक आहे, म्हणून ही चाचणी करायला आग्रहाने सांगावे.

फॅन फिरतो म्हणजे काम करतो असे नाही. वायरिंगचे काम झाल्यावर वायरी उलट जोडल्या गेल्या तर तो उलटा फिरतो आणि येणाऱ्या हवेला विरोध करतो. याची परीक्षा सोपी आहे: फॅन चालू असताना रेडिएटरच्या समोर वर्तमानपत्राचे पान धरावे. पान जाळीला चिकटले पाहिजे. फॅनभोवतीचे प्लॅस्टिकचे कडेही तुटलेले नसावे. ते नसेल तर फॅन रेडिएटरमधून हवा खेचण्याऐवजी आजूबाजूची हवाच घुसळत बसतो. जुन्या जीप आणि ट्रॅक्टरमध्ये हा दोष फार आढळतो.

रेडिएटर आतून चोंदला आहे का हे ओळखायलाही युक्ती आहे. गाडी चांगली तापल्यावर बंद करून, बॅटरीची वायर काढून, रेडिएटरच्या पृष्ठभागावरचे तापमान ठिकठिकाणी मोजावे. वरून खाली हळूहळू कमी होत गेले तर ठीक. मध्येच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. यासाठी कारखान्यात वापरतात ती तापमान मोजण्याची बंदूक लागते. कोविडच्या काळात घेतलेली कपाळाला लावायची बंदूक इथे चालणार नाही, तिची मर्यादा तापापुरतीच असते.

माझ्या १९९८ च्या मारुती ८०० चा दोष असाच सापडला. दोन उन्हाळे ती फक्त चढावर गरम व्हायची. एका गॅरेजने इंजिन खोलण्याचा सल्ला दिला आणि मोठा आकडा सांगितला. मी आधी पंधरा दिवस वहीत नोंद ठेवली: कुठे, किती वाजता, किती माणसे, काटा किती, फॅन चालू की बंद, पाणी किती कमी झाले. नोंदीतून दिसले की सपाटीवर एकदाही गरम झाली नाही, फॅन वेळेवर चालू होत होता आणि पाणी थेंबभरही कमी होत नव्हते. पाणी कमी होत नाही म्हणजे गॅसकेटवर संशय कमी. उरला रेडिएटर. तो उतरवून वरची टाकी खोलली तेव्हा बऱ्याच नळ्या पांढऱ्या थराने बंद झालेल्या निघाल्या. इंजिन खोलावे लागले नाही.

पांढरा थर येतो कुठून?

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता, त्यांना हा थर ओळखीचा आहे. विहिरीच्या, बोअरच्या जड पाण्यातले क्षार तापल्यावर भिंतीला चिकटतात. बंबात तो थर खरवडता येतो, रेडिएटरच्या नळ्या मात्र इतक्या अरुंद असतात की पातळ थरानेही वाट बंद होते. म्हणून रेडिएटरमध्ये नळाचे किंवा बोअरचे पाणी नेहमीसाठी वापरू नये. बॅटरीत घालतात तसे शुद्ध पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण घालावे.

"आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?" असे काहीजण विचारतात. कूलंट गोठण्यापासून वाचवतो हे त्याचे एक काम. आपल्यासाठी दुसरी दोन कामे महत्त्वाची आहेत: तो उकळण्याचे तापमान वाढवतो आणि त्यातली द्रव्ये गंज व क्षार रोखतात. डब्यावर दिलेले प्रमाण पाळावे. दोन वेगळ्या जातींचे कूलंट मिसळू नयेत; रंग एकच आहे म्हणून जात एकच असते असे नाही. साधारणपणे दोन वर्षांनी, किंवा डब्यावर सांगितले असेल तसे, बदलावे.

एक इशारा सर्व घरांसाठी. कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेले तर विषारी असते. उरलेला कूलंट सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. काढलेले जुने पाणी अंगणात, गटारात सोडू नका. कुत्री-मांजरे आणि जनावरे ते चाटतात आणि दगावतात.

चार प्रचलित उपाय आणि त्यांची किंमत

*"थर्मोस्टॅट काढून टाका."* आपल्या भागातला हा सर्वांत आवडता सल्ला. काढल्यावर सपाटीवर काटा खाली राहतो आणि मालक खूश होतो. पण इंजिन योग्य तापमानाला पोहोचतच नाही, पेट्रोल जास्त लागते, झीज वाढते, आणि मूळ दोष झाकला जाऊन पुढच्या घाटात पुन्हा उभा राहतो. थर्मोस्टॅट चांगला आहे का ते स्वयंपाकघरात कळते. जुन्या पातेल्यात पाणी तापत ठेवून तो दोऱ्याने मध्ये टांगावा, तळाला टेकू देऊ नये. त्यावर कोरलेल्या अंशांजवळ, बहुतेक ८२ च्या आसपास, तो उघडू लागतो आणि पाणी उकळेपर्यंत चांगला उघडतो. उघडला नाही तर नवा आणा. ते पातेले पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

*"हळद टाका, गळती थांबेल."* थांबतेही, थोडा वेळ. जी हळद भोक बुजवते तीच रेडिएटरच्या चांगल्या नळ्याही बुजवते. रानात अडकलो आणि दुसरा इलाज नाही, तर घरी पोहोचण्यापुरता हा उपाय. पोहोचल्यावर सगळी यंत्रणा धुऊन काढावी.

*"फॅन डायरेक्ट करून टाका."* म्हणजे चावी लावली की फॅन चालू. स्विच मिळेपर्यंत दोन दिवसांसाठी ठीक. कायमचे ठेवले तर मोटर आणि बॅटरी दोन्ही लवकर जातात.

*"काटा बिघडलाय, लक्ष देऊ नका."* काटा बिघडतो हे खरे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा: पाणी पूर्ण निघून गेले तर सेन्सरला गरम पाणी लागतच नाही, आणि काटा उलट खाली येऊ शकतो. इंजिनाचा आवाज बदलला, खडखड आली, ओढ कमी झाली आणि काटा खाली दिसतो, तर काट्यावर विश्वास ठेवू नका.

हेड गॅसकेट: मोठ्या खर्चाचे दुखणे

हेड अॅल्युमिनियमचे असते आणि अॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. इंजिन फार तापले तर हेड वाकते. झेरॉक्सच्या एका कागदाच्या जाडीइतका बाकसुद्धा गॅसकेटची पकड सोडवायला पुरतो. मग जळका गॅस पाण्यात, पाणी सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये शिरते.

खुणा अशा: बाहेर कुठे गळती नसताना पाणी कमी होणे, गरम इंजिनातूनही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणे, गाडी गार असतानाच वरचा पाइप दगडासारखा घट्ट होणे, आणि सकाळी झाकण उघडून गाडी सुरू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे. ही शेवटची परीक्षा इंजिन गार असतानाच करावी आणि पहिल्या एक-दोन मिनिटांत आटोपावी.

गॅसकेट बदलायची वेळ आलीच तर नुसती नवी पॅकिंग बसवून घेऊ नका. हेड सपाट आहे का ते पट्टी लावून तपासून, गरज असेल तर फेसिंग करून घ्या. बेळगावच्या उद्यमबागेत यंत्रकामाची परंपरा आहे, आपल्या भागात या कामासाठी लांब जावे लागत नाही. आणि मूळ दोष, म्हणजे रेडिएटर, फॅन किंवा झाकण, दुरुस्त झाल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. नाहीतर नवी गॅसकेटही त्याच वाटेने जाते.

जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला रॉडिंग करता येते: टाकी उघडून नळ्यांतून सळ्या फिरवतात आणि पुन्हा डाग देतात. अॅल्युमिनियमचा, प्लॅस्टिक टाकीचा रेडिएटर मात्र चोंदला की सहसा बदलावाच लागतो. नवे पाणी भरताना आतली हवा काढायला विसरू नये. झाकण उघडे ठेवून गार गाडी सुरू करावी, हीटर असेल तर तो गरमवर ठेवावा, बुडबुडे थांबेपर्यंत पाणी हळूहळू भरत राहावे आणि मग झाकण लावावे. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा पाहावी.

घाटात उकळली तर

काटा चढू लागताच एसी बंद करा. गाडीत हीटर असेल तर तो पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात लावा. उकाडा सोसावा लागेल, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे. वरच्या गिअरमध्ये इंजिन कुंथवू नका. एक गिअर खाली घेऊन मोकळे चालू द्या, म्हणजे पंपही वेगाने फिरतो.

तरीही काटा लालपट्टीकडे गेला तर वळण टाळून, मागून येणाऱ्यांना दिसेल अशा जागी थांबा. चाकांना दगड लावा. माणसांना उतरवून कठड्याच्या बाजूला सुरक्षित उभे करा. वाफ येत असेल, पाणी सांडले असेल किंवा बॅटरीचा दिवा लागला असेल, तर इंजिन लगेच बंद करा. पाणी शाबूत असून काटाच वर गेला असेल तर एक-दोन मिनिटे गाडी उभ्या जागी चालू ठेवून काटा उतरतो का पाहा. उतरला नाही तर बंद करा.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. आतले पाणी शंभरच्या वर तापलेले असूनही दाबामुळे उकळत नसते. झाकण सैल होताच दाब जातो आणि ते एका क्षणात उकळून कारंजासारखे तोंडावर, छातीवर येते. फडके धरून, लांबून उघडणे याने काही वाचत नाही. निदान पाऊण तास थांबा. वरचा पाइप हाताला सोसेल इतका गार आणि दाबल्यावर मऊ लागला, तरच झाकण हळू फिरवा. मुलांना बॉनेटजवळ येऊ देऊ नका. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. हेडला तडा जातो. पाणी भरतानाही इंजिन पुरेसे निवल्यावर, थोडे थोडे भरा.

कोणी भाजलेच, तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे गार पाणी वाहते ठेवा. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ लगेच काढा. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बर्फ यांपैकी काही लावू नका. स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखान्यात न्या. चेहरा किंवा डोळे भाजले असतील तर उशीर करू नका.

घाटाच्या प्रवासात डिकीत पाच लिटर शुद्ध पाणी, एक जादा बेल्ट, दोन होज क्लिपा, फ्यूज, विजेरी आणि लाल त्रिकोण असावा. हे सगळे एका पिशवीत मावते.

ठेवावी की काढावी?

नोंदणीची १५ वर्षे उलटली की नूतनीकरण करावे लागते आणि १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्कही बरेच वाढले आहे. त्यामुळे प्रत्येक घरात हा प्रश्न निघतो. माझे मत हिशेबी आहे. झाकण, थर्मोस्टॅट, बेल्ट, पाइप, फॅन स्विच ही किरकोळ दुरुस्ती; त्यासाठी चांगली गाडी मोडीत काढू नये. रेडिएटर किंवा पंप हा मध्यम खर्च. बाकी गाडी धड असेल तर करावा. हेड वाकले, ऑइलमध्ये पाणी गेले आणि तळाचा पत्राही गंजला असेल, तर मात्र भावना बाजूला ठेवून बेरीज-वजाबाकी करावी. वडिलांनी घेतलेली पहिली गाडी म्हणून ती ठेवायची असेल तर जरूर ठेवा, पण गावातल्या फेऱ्यांपुरती. घाटातून माणसे न्यायला नको.

नव्या पिढीतल्या मुला-मुलींना एक सांगणे. या रविवारी सकाळी चहाच्या आधी घरातल्या जुन्या गाडीचे बॉनेट उघडा, वर दिलेल्या सात गोष्टी पाहा आणि एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. महिन्यातून एकदा एवढे केले तरी बहुतेक दुखणी घाटात उघडी पडण्याआधी अंगणात सापडतील. शंका असेल तर मंडळाच्या कोणत्याही बैठकीत विचारा. मला ठाऊक असेल तेवढे सांगेन, नसेल तिथे चांगल्या मेकॅनिककडे आपण मिळून जाऊ.

सर्वांना सुखरूप प्रवासाच्या शुभेच्छा.